पट्टी ज्याने बांधली त्यानेच सोडावी

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा दोन मीटरवरून वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? उभं राहून पाय अजून सुजतात का? हे सगळं फोनवरच विचारणार होतो, पण तू माझा फोन उचलत नाहीस. सात महिने झाले. वॉर्डात गडबड असते, हातात मोजे असतात, हे मला समजतं. (सात महिने सलग कोणी मोजे घालून बसत नाही, हेही समजतं.) म्हणून पत्र लिहायला घेतलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. निदान उघडशील तरी.

मी मधे आजारी होतो. तोच आजार. हे तुला ठाऊक नसणार. (ठाऊक नसणार असं तूर्त धरून चालतो, का ते पुढे कळेल.) आता ठणठणीत आहे, तपासणीचा कागदही साफ आला आहे. पण माझ्या दाराच्या कडीला लाल पट्टी बांधलेली आहे. आज तिला एकतीस दिवस झाले, आणि ती कोणी बांधली याचा तपास काही लागत नाही. गिऱ्हाईक दुकानापर्यंत येतं, पट्टी पाहतं आणि घरी काहीतरी विसरल्यासारखं करून मागे फिरतं. शिलाई मशीनवर धूळ बसली आहे. एकतीस दिवसांत मी फक्त माझ्याच शर्टाचं एक बटण लावलं, तेही तुटलेलं नव्हतं.

तू म्हणशील, मग सोडून टाक ना. तिथेच तर मेख आहे. ही पट्टीची पद्धत आमच्या इमारतीत मीच सुरू केली. साथ आली आणि बँडवाल्यांनी चाळीस कोटांची ऑर्डर रद्द केली. लाल अस्तराचा अख्खा तागा माझ्या गळ्यात पडला. म्हटलं, समाजाच्या उपयोगी पडू दे. ज्या घरात आजाराचा संशय, त्या घराच्या कडीला पट्टी. दोन बोटं रुंद, हातभर लांब, कडा दुमडून दुहेरी टीप. (संशयितालाही काम चांगलंच मिळालं पाहिजे, या मताचा मी आहे.) पण लोकांचा काय भरवसा? मी पाठ फिरवली की सोडून टाकतील, म्हणून जिन्याजवळच्या फळ्यावर माझ्याच ठळक अक्षरात नियम लिहिला की पट्टी ज्याने बांधली त्यानेच चौदा दिवसांनी सोडावी, दुसऱ्या कोणीही हात लावू नये. तोवर सगळ्या पट्ट्या मीच बांधत होतो आणि मीच सोडत होतो, त्यामुळे नियमात खोट आहे हे दिसलंच नाही. आता माझ्या दारावरची मी बांधलेली नाही. तिचा बांधणारा पुढे येत नाही, आणि मी हात लावला तर माझाच नियम मी मोडला म्हणून अख्खी इमारत मला हसेल. जिन्यात बैठक भरवली, प्रत्येक जण आपापल्या पायरीवर. सगळ्यांनी फळा वाचला आणि नियम फार चांगला आहे असं एकमताने ठरवून घरी गेले.

माझा पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांवर. साथीत मी अंगाला हात लावून मापं घ्यायचं बंद केलं होतं. खिडकीतून टेप द्यायचो, गिऱ्हाइकाने स्वतःचं माप घ्यायचं आणि ओरडून सांगायचं. ताई, माणूस स्वतःचं माप घेताना पोट आत ओढतो. हे मला तीस वर्षांच्या धंद्यात कळायला हवं होतं. हेडमास्तरांनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि कमरेचं माप तीन इंच कमी सांगितलं. पँट गुडघ्यांच्या वर जाईना. तेव्हापासून ते माझ्याकडे बघतात ते गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं. पण त्यांच्या फायलींच्या नाड्या मी पाहिल्या आहेत, ते बो बांधतात, दोन्ही कान सारखे. माझ्या कडीवर बो नाही, एवढं लांबूनही दिसतं.

मग विमावाल्या बाई. त्यांच्याकडे औषधाच्या दुकानातून पुडकं आलेलं मी खिडकीतून पाहिलं आणि तासाभरात पट्टी बांधून मोकळा झालो. पुडक्यात केसांचा कलप निघाला. हे सिद्ध करायला त्यांना साऱ्या इमारतीसमोर रिकामा डबा दाखवावा लागला. बाईंचे केस काळे नाहीत हे कोणालाच माहीत नव्हतं, ते माझ्यामुळे झालं. कारण भक्कम आहे. पण त्या एकेरी गाठ मारतात आणि टोक आत खोचतात, त्यांच्या पिशव्यांवरून कळतं. उरला समोरचा इलेक्ट्रिशियन. मिरचीच्या फोडणीने त्याला ठसका लागला आणि मी चौदा दिवस त्याच्या दाराला पट्टी लावली. फोडणीचा वास जिन्यात मलाही आला होता, हे खरं. पण खबरदारी म्हणून. चौदा दिवस त्याला कोणी साधा बल्ब बदलायला बोलावलं नाही. त्याची बायको अजून माझ्या खिडकीवरून जाताना ओढणी नाकाला लावते. मला वाटलं, सापडला चोर. पण तो दोरीसुद्धा वायरीसारखी पिळतो, आणि कडीवर पीळ दिसत नाही.

याहून संशयास्पद गोष्ट पुढेच आहे. ताप आला त्या दिवशी मी फक्त तुझ्या भावजयीला फोन केला. (ती माहेरी अडकून पडली आहे, आईच्या पायाच्या ऑपरेशनसाठी गेली होती. नवऱ्यापासून लांब अडकल्याचं दुःख फोनवर तरी जाणवत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी कडीला पट्टी हजर, आणि खिडकीच्या कट्ट्यावर सूपचा डबा. डब्याला चिकटपट्टी, तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘सकाळी १, रात्री १’, आणि खाली गोळ्यांचं पाकीट. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. एकाच हाताने पट्टीही बांधायची आणि सूपही द्यायचं, हा कसला माणूस? मी डबा चार तास समोर ठेवून त्याच्यावर नजर ठेवली. डब्याने काही केलं नाही. वास घेऊन पाहावं तर नाक बंद पडलेलं. शेवटी भूक जिंकली. नऊ दिवस रोज डबा येत होता, आणि नऊही दिवस मी पहारा ठेवून ऐन वेळी झोपत होतो. दहाव्या दिवशी मी उठून बसलो, त्या दिवसापासून डबा बंद. म्हणजे देणारा मला बघत होता. मी बघत होतो ते वेगळं, पण कोणीतरी मला बघत होतं, ही कल्पना मला अजिबात आवडली नाही. (विमावाल्या बाई आणि इलेक्ट्रिशियन यांना कसं वाटलं असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला. तो मी लगेच झटकला, पण तो गेला नाही.)

बरं वाटल्यावर मी इलेक्ट्रिशियनला खिडकीत गाठलं आणि डबा आणि पट्टी, दोन्हींबद्दल आडून आडून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “काका, पट्टी दिसली की मी भिंतीला घासून जातो. तुम्हीच शिकवलंय.” तुझ्या भावजयीला विचारलं, तर मी कोणालाही काही सांगितलं नाही अशी शपथ घेतली आणि त्याच दमात गोळ्या वेळेवर संपवल्या ना, असं विचारलं. ताई, गोळ्यांचं मी तिला सांगितलंच नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

आता त्या दिवसाचं एकदा बोलून टाकतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. तू तापाच्या वॉर्डात काम करतेस म्हणून तुझ्या घरमालकाने खोली खाली करायला लावली आणि तू बॅग घेऊन सकाळीच माझ्या दारात आलीस. मी दार उघडलं नाही, हे खरं. पण त्याचा अर्थ मी काहीच केलं नाही असा होत नाही. मी तुला बसायला खुर्ची दिली. (फुटपाथवर.) तुझ्या बॅगेच्या मुठीला, बसमधल्या लोकांच्या काळजीपोटी, लाल पट्टी बांधली, तीही खिडकीतून हात बाहेर काढून, म्हणजे धोका मीही पत्करलाच. तू एका शब्दाने भांडली नाहीस. फक्त म्हणालीस, “खिडकी उघडी ठेवत जा. हवा खेळती हवी.” आणि गेलीस. इमारतीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं, सख्ख्या बहिणीलाही नियम सारखाच म्हणून. मी दोन दिवस छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर मुद्दा असा. तू नर्स आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. ‘सदर इसम निरोगी आहे, याच्याकडून कपडे शिवून घेण्यास हरकत नाही’ एवढं लिहून, शिक्का मारून पाठव. मी ते फळ्यावर लावतो. पायांना गरम पाण्याचा शेक घेत जा. वॉर्डातल्या मंडळींना नमस्कार सांग. लवकर उत्तराची वाट पाहतो.

तुझा धाकटा

ता. क. पत्र दोन दिवस उन्हात ठेवून मग वाच. हे आधी लिहायला हवं होतं.

ता. क. दुसरा. दाखला नको. पाकीट बंद करण्याआधी मी चष्मा घालून पट्टी नीट पाहिली. हात लावला नाही, नुसती पाहिली. महिनाभर तिच्याजवळ जायचं धैर्य झालं नव्हतं. (आपल्याच दारावरची ती पट्टी जवळून बघवत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) मी केलेल्या सगळ्या पट्ट्यांना लाल दोरा आहे. या एकीला पांढरा आहे, टीप एकेरी आणि वाकडी. रंग उकळून काढावा तसा फिका पडला आहे. पांढऱ्या दोऱ्याची मी एकच शिवली होती, लाल रीळ संपलं म्हणून, घाईघाईत, तू दाराबाहेर उभी असताना. आणि गाठ बो नाही, खोचलेली नाही, पिळलेलीही नाही. ती सपाट आहे, रुग्णाला टोचू नये अशी. माझा गुडघा फुटला होता तेव्हा फडक्याची अशीच गाठ तू मारली होतीस. तू अकरा वर्षांची होतीस आणि मी ती गाठ नऊ दिवस कोणालाही सोडू दिली नव्हती.

ता. क. तिसरा. पट्टी तू नियम म्हणून बांधलीस की सूड म्हणून, याचा तपास मी बंद केला आहे. दोन्ही असेल. इलेक्ट्रिशियनकडे आणि विमावाल्या बाईंकडे जाऊन माफी मागून आलो. बाईंनी दार उघडलं, त्याने अजून उघडलेलं नाही. फळा पुसला. पण पट्टी तशीच ठेवली आहे, कारण तेवढा एक नियम मला पाळायचा आहे. ज्याने बांधली त्यानेच सोडावी. बॅग घेऊन ये. खिडकी तेव्हापासून उघडीच आहे, आणि ती खुर्ची मी आत आणून ठेवली आहे.