हाडांचं धरण भरताना

६ जानेवारी
रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी फक्त नऊ. डॉक्टर धैर्यशील (मिशी नवीन) म्हणाला, गळ्यात गव्हाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्या ते हाडांतून सोडायला लावतात आणि फॉस्फेट लघवीवाटे घालवतात. म्हणजे धरण माझं, आणि दरवाजे ह्या चौघी मला न विचारता उघडतात! पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलीत मी. चालणार नाही.
उपाय: डीच्या पावडरचं पाकीट, आठवड्याला एक, दुधातून. कॅल्शियमची गोळी रोज.
२२ फेब्रुवारीला पाचगणीत आमच्या कॉन्व्हेंटच्या बॅचचं रियुनियन. टेबललँड चालत चढायचं. राजनंदिनी दोन्ही गुडघे बदलून येतेय. तरी वर पहिली मीच.

७ जानेवारी
आठवड्याला एक म्हणजे दुष्काळी जतला टँकर. मी साताऱ्याची. रोज एक घेणार.
स्वयंपाकाच्या शालूबाई म्हणाल्या, "आवं बाई, आठवड्याला येक सांगितलंय न्हवं?" म्हटलं, तुम्हाला धरणातलं कळत नाही. म्हणाल्या, "न्हाई कळत. पाकिटावरचं वाचता येतंय पर."
उद्धट.

१९ जानेवारी
गोळ्या दुप्पट. शिवाय ताकातून चुना. प्रगती जाणवते.

२ फेब्रुवारी
सारखी तहान, सारखी लघवी. उत्तम लक्षण. धरण भरलं की सांडवा वाहतो.

९ फेब्रुवारी
चार दिवस पोट साफ नाही. अन्न नको वाटतं. दोष शालूबाईंच्या वांग्याचा.

१५ फेब्रुवारी, सकाळी ६
सरावाला अजिंक्यतारा. पहिल्याच वळणावर व्ह्यू पाहायला बसले. पन्नास मिनिटं पाहिला.

१८ फेब्रुवारी
राजनंदिनीचा फोन. तिला दोनदा शालूबाई म्हणाले. लाइन खराब असावी.

२० फेब्रुवारी
उलट्या. शालूबाईंनी परस्पर रिक्षा आणली आणि रिकामी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरसमोर ओतली. चाळीसच्या वर. कॅल्शियम चौदा. अॅडमिट. पॅराथायरॉइड हॉर्मोन जवळजवळ शून्य. मी म्हटलं, बघा, चौघीही वठणीवर आल्या. डॉक्टर म्हणाला, किडन्याही त्याच वाटेवर होत्या, मॅडम.

२२ फेब्रुवारी, सकाळी ११
टेबललँडवरून फोटो आला. राजनंदिनी सगळ्यांच्या पुढे, अंगठा वर.
मीही आज बाथरूमपर्यंत चालले. सलाईनची बाटली धरून शालूबाई पुढे होत्या.
दुसरी आले.