आवाज न करणारी वीज

प्रिय चिमणे,

अक्षर तुझ्या आईचं आहे, जीभ माझी. एखादं वाक्य फार शहाणं वाटलं, तर ते तिनं घुसडलंय असं समज.

इकडे वीजकेंद्रात कोळशाच्या बहुतेक ढिगांच्या जागी आता बॅटऱ्यांच्या रांगा लागल्यात, पांढऱ्या कपाटांसारख्या. दिवसभर सौर पॅनेलांची वीज पितात आणि ऊन उतरलं की गावाला पाजतात. परवा दोरीवरची चादर काढली, तर चक्क पांढरी! तरी मी सवयीनं झटकलीच.

घर सोडून जाताना तू आजोबांशी भांडलीस. पॅनेल स्वस्त होतील, बॅटऱ्याही होतील, मग कोळसा कोण जाळणार, म्हणालीस. जन्मभर बॉयलर सांभाळलेल्या माणसाला ते झोंबलं. सूर्य पश्चिमेला उगवला की हाक मार, म्हणाले. तेव्हापासून तू बॅटऱ्यांच्या कामाला लागलीस, ती घराकडे फिरकली नाहीस. आता तुझंच खरं झालं. पण फुशारू नकोस, कुणाच्या पुण्याईनं नाही झालं. किमती उतरत गेल्या आणि साठवलेलं ऊन कोळशापेक्षा स्वस्त पडायला लागलं. माणूस उपदेशानं हलत नाही ग, स्वस्ताईनं धावतो.

मागच्या आठवड्यात आजोबा संध्याकाळी त्या बॅटऱ्या बघायला गेले. पंपाचं दुखणं ओळखायला स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावायचे ना, तस्सं तिथंही केलं. नुसती पंख्याची घरघर. तिथल्या इंजिनिअर मुलीला म्हणाले, बंद पडलंय तुमचं, वर कळवा. ती म्हणाली, आजोबा, तुमच्या डोक्यावरचा दिवा यावरच चाललाय.  घरी येऊन जेवताना एकटेच हसायला लागले. मला वाटलं ठसका लागला. पाठीत चांगले दोन धपाटे घातले. अशी संधी रोज थोडीच मिळते!

आता खरं काम. पुढच्या महिन्यात शेवटचा बॉयलर कायमचा थंड करणार आहेत. बटण दाबायचा मान सगळ्यांत जुन्या माणसाला, म्हणजे यांना. यांनी दोन पास मागून आणले. दुसरा माझाच, म्हणून मी ठेवणीतले कपडे बाहेर काढले, तर म्हणतात, तुझा नाही, पोरीचा आहे. ती शेजारी उभी असल्याशिवाय माझं बोट उठायचं नाही. तुला ये म्हणणं मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही. पास चष्म्याच्या डबीत जपून ठेवलाय आणि चष्मा बाहेर लोळतोय. ये ग, बाळ. माझ्या पासाची काळजी करू नकोस. मला फाटकावर कोण अडवतो ते बघतेच.

तुझीच,
बिनपासाची आजी