उजवीकडचे तीन मणी

मालवण,
११ मार्च २०२५

प्रिय संचू,

तुला आणि कौस्तुभला माझे आशीर्वाद. मी ठीक आहे. गोळ्या वेळेवर घेतो. शेजारची रुक्मिणीकाकी रोज एक भाजी पाठवते आणि भांडं परत न्यायला आली की मी जेवलो का ते बघून जाते. परसातल्या काजूला यंदा बोंडं कमी आहेत.

हे पत्र काकीच्या मुलाच्या, बाबलीच्या हाती देतो आहे. तो उद्याच्या गाडीने पुण्याला येतोय, घरी आणून देईल. फोनवर तीन वेळा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा काजूवरच बोललो.

ठुशीची फाईल तू चार दिवस मागते आहेस. पाडव्याला ती तुला तुझ्या त्या पडद्यावरच्या जगातल्या दुकानात लावायची आहे. फाईल तयार आहे, पण मी पाठवलेली नाही.

तुझी आई गेल्यावर तू मला हा टॅब दिलास तेव्हा मी हसलो होतो. ज्याला वजन नाही, आटवताना घट नाही, तो दागिना कसला? आणि घालणार कोण, तर दूरदेशीच्या लोकांच्या बाहुल्या. तू त्यांना अवतार म्हणतेस, मला ते जमत नाही. पण तू चिकाटीने शिकवलंस. आता नथीच्या तारेचा फासा मी बोटाने पडद्यावर वळवतो. वाघाचं तोंड लावलेल्या एका बाहुलीने आपली मोहनमाळ घातली त्या दिवशी मी काकीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "वाघाक शोभता हां, पण तेका नथ घालू नका, शिंका येतील." माझी मथुरा गेल्यानंतर मी घरात पहिल्यांदा मोठ्याने हसलो. हे काम तू मला का दिलंस ते मला कळलं होतं. कधी बोललो नाही.

आता ठुशीचं.

दिवाळीत कौस्तुभने तुझ्याभोवती फोन फिरवून तुझ्याच मापाची बाहुली केली होती. दागिना माणसाच्या मापाचा बसतो की नाही ते बघायला तीच मी वापरतो. गेल्या आठवड्यात तू तशीच फोन फिरवून केलेली नवी पाठवलीस. जुनीचे केस तुला आवडत नव्हते. मी तीच ठुशी नवीच्या गळ्यात घालून तुला चित्र पाठवलं आणि तुझा फोन आला.

"बाबा, मणी मानेत घुसतत. ह्या सॉफ्टवेअराक काय अक्कल नाय. तुम्ही दोन मणी वाढवा आणि सैल करून टाका."

मी हो म्हटलं. वाढवायला बसलोही. पण आधी आपलीच चूक बघायची सवय आहे, म्हणून ठुशी परत दिवाळीतल्या बाहुलीवर घातली. सगळीकडून नीट बसली. नवीवर घातली. डावीकडे नीट बसली. उजवीकडे, गळ्याच्या खळगीच्या जरा वर, तीन मणी कातडीखाली गेले. यंत्र चुकलं असतं तर दोन्हीकडे चुकलं असतं, निदान जागा तरी बदलली असती. मी आठ-दहा वेळा घालून पाहिली. तेच तीन मणी, तीच जागा. मग ठुशी काढली आणि बाहुली बाजूने फिरवून पाहिली.

चाळीस वर्षं मी या बाजारात गळ्यांची मापं घेतली. लोकांची तोंडं विसरतो, गळा विसरत नाही.

तुझ्या आईच्या लग्नातली ठुशी मीच घडवली होती. तीस वर्षं तिला ती बरोबर बसली. मग एका श्रावणात ती म्हणाली, "अवो, ही आवळता माका. वायच सैल करून देवा."

मी म्हटलं, "जाडी झालंस गो."

"तुमच्या हातचा खाऊन? भात तर मीच शिजवतंय."

आम्ही दोघं हसलो. दोन्ही टोकांना एकेक मणी वाढवून दिला. सहा महिन्यांनी तिने परत आणली, परत वाढवून दिला. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे आलीच नाही. त्या चतुर्थीला ठुशी खुंटीवर राहिली. तिचा आवाज बसला होता, ती म्हणाली आरत्यांमुळे. मी पुढे विचारलं नाही. गोव्याला इस्पितळात नेलं तोवर घोट गिळताना तिला मान वर करावी लागत होती.

ती गेली त्या दिवशी तू मला विचारलंस, "आयेचो गळो कधीपासून सुजलेलो, बाबा? तुमका दिसाक नाय?" मी म्हटलं, नाय गो.

मला दिसला होता. माप माझ्याच हातांत होतं. बाईची मान सुजते आहे हे मला कळलं होतं आणि मी मणी वाढवत बसलो.

हे एवढंच असतं तर मी ते माझ्याबरोबर नेलं असतं. अजून एक आहे, ते जास्त वाईट आहे. गोव्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला वेगळं बोलावून सांगितलं होतं, की या जातीची गाठ घरात उतरते. मुलीचं रक्त तपासून घ्या, असं म्हणाल्या. कागदही लिहून दिला. तेव्हा कौस्तुभच्या घरची बोलणी चालू होती. मुलीला असला आजार असू शकतो हे कळलं तर ते मागे फिरतील, असं मला वाटलं. कागद मी तराजूच्या पेटीत तळाला घातला. लग्नानंतर सांगू म्हटलं. मग पहिला सण होऊ दे म्हटलं. मग तू हे काम दिलंस आणि मला बरं वाटायला लागलं. बरं वाटत असताना ती पेटी मी उघडत नव्हतो. दोन वर्षं गेली.

तो कागद सोबत जोडला आहे. घड्यांवर फाटला आहे, पण वाचता येतो. दोन्ही बाहुल्यांची चित्रंही छापून घातली आहेत. ती डॉक्टरांना दाखव. हसतील तर हसू देत.

त्या बाई असंही म्हणाल्या होत्या की लवकर सापडलं तर गाठ काढतात आणि माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. त्यांनी असं सांगितलं होतं.

रविवारी फोनवर तुझा आवाज जड होता. तू म्हणालीस ऑफिसातल्या एसीमुळे. असेलही. तरी तू थांबू नकोस. हे पत्र मिळेल त्याच दिवशी कौस्तुभला वाचायला दे आणि दोघं जा. त्याच्यापासून काही लपवू नकोस. तो रागावला तर माझ्यावर रागावू दे.

ठुशी मी सैल केलेली नाही आणि करणार नाही. पाडव्याला दुकानात दुसरं काही लाव.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तू दार उघडलं नाहीस तरी मी जिन्यात बसेन. तपासणी होईपर्यंत परत जाणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेला,
बाबा