बाहेरची कडी

नारायणगुडा, हैदराबाद
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रमोद,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पुण्यात तुम्हीही मजेत असाल असं धरून चालते.

तुझा भुताचा सिनेमा काल दुपारी पाहिला. धुकं छान, कंदील छान. आपलं घर इतकं देखणं आहे हे मला इथं राहून कधी कळलं नाही. पण भीती कुठे आहे रे? दीड तास ती म्हातारी बंद खोलीचं दार आतून ठोकते, आणि उघडलं तर आत कोणीच नाही! शेजारच्या इंदुताईंनी तेवढ्यात डबा उघडून मला चकली दिली. मी खाल्ली.

हसून सोडून द्यायला हवं होतं. मला संताप आला.

ते दार आईच्या खोलीचं. ठोकणंही तिचंच, तू फोनवर ऐकलं होतंस. "ताई, कसला आवाज गं?" मी म्हटलं, शेजारी सुतारकाम चाललंय. चार महिने चालणारं सुतारकाम तुला खरं वाटलं? की सोयीचं वाटलं? वर्षातून दोन दिवस यायचास, तिच्या पाया पडायचास, फोटो काढून जायचास.

आणि तुझं भूत बोलतं कसलं छापील मराठी! आईचं मराठी शेवटी पार पुसलं गेलं होतं. उरली ती लहानपणी निजामाच्या शाळेत शिकलेली उर्दू. मला ती तिची शिक्षिका समजायची. "उस्तानीजी, छुट्टी हो गई नं? दरवाजा खोलो. मेरेकू घरकू जाना." रोज सकाळी, मी कडी लावत असताना.

हो, कडी मीच लावायचे, बाहेरून. एकदा ती रस्त्यावर रिक्षाखाली येता येता वाचली. सांभाळायला बाई टिकेना, आणि मला माझ्या शाळेत वर्ग असायचे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी इथल्या मराठी मंडळींना सिनेमा दाखवून मला आईच्या आठवणी सांगायला उभं करणार आहेस म्हणे. मी येणार नाही. आले तर एवढंच सांगेन, की त्या ठोकण्याची मला कधी भीती वाटली नाही. त्या गुरुवारी शाळेतून आले, चपला काढल्या, आणि घरात आवाज नव्हता. मग ती कडी काढायला मला किती वेळ लागला, ते तुझ्या सिनेमात कुठेच नाही.

शूटिंगला तुझ्या माणसांनी दाराला नवी कडी बसवली, जुनी दिसणारी. खरी मी आई गेल्यावर काढून ठेवली, ती माझ्या कपाटात आहे. रविवारी येशील तेव्हा घेऊन जा. सहा वर्षं मी एकटीनं सांभाळली.

तुझी ताई,
त्रिवेणी