शुक्रवारची चाळीस मिनिटं

किलकॉरन
मंगळवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप सिस्टर बेनिग्ना आत्यास,

डिंपनाचा आदरपूर्वक नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करते, मग बाकीच्या तुमची. उजवा अजून जिन्यावर कुरकुरतो का? मदर सुपिरियरनी तुम्हाला तळमजल्यावर खोली दिली हे ऐकून बरं वाटलं (त्यावरून तुम्ही त्यांच्याशी तीन आठवडे अबोला धरलाय, हेही ऐकलं. या गावात कॉन्व्हेंटच्या बातम्या दुधाच्या आधी पोचतात). तुम्ही पाठवलेला मनुकांचा पाव मिळाला, पुरवून पुरवून खातेय. रविवारी आईच्या कबरीवर जाऊन आले, गवत काढलं. माझी तब्येत उत्तम आहे, डोकं सोडून.

मागच्या पत्रात तुम्ही नोकरीबद्दल विचारलंत. नोकरी छान चालली आहे, माझंच चालेनासं झालंय. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शाळेत पूर्णवेळ नाही. गेली चार वर्षं माझे तास सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीनच दिवस असायचे. उरलेले चार दिवस सरकार मला बेकार समजायचं आणि त्याबद्दल थोडाफार भत्ता द्यायचं. त्यासाठी एक कार्ड असतं. त्यावर आठवड्याचे सात चौकोन. काम केलं त्या दिवशी फुली, नाही केलं त्या दिवशी गोळा, खाली मुख्याध्यापकांची सही. दर गुरुवारी हे कार्ड घेऊन मी बेकारी कचेरीच्या दोन नंबरच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहते. (लाज पहिल्या वर्षी वाटली. आता माझी पालकसभा त्याच रांगेत उरकते. पुढे वर्गातल्या एकाचे वडील, मागे दुसऱ्याचे, दोघांनाही पोरांचे गुण तिथेच सांगून टाकते.) तीन फुल्या, चार गोळे. खोलीचं भाडं, कोळसा, चहा, सगळं त्या चार गोळ्यांवर चालायचं.

या सप्टेंबरात आमचे मुख्याध्यापक टनीसर यांनी माझ्या वेळापत्रकात एक तास वाढवला. शुक्रवार, जेवणानंतर, चाळीस मिनिटं, फ्रेंच, सात मुली. मी किती खूश झाले म्हणून सांगू! घरी येऊन दोन अंडी तळली. पुढच्या गुरुवारी कार्ड भरताना चौथी फुली मारली, तीही ठळक, कारण पेन्सिलीनं बोललेलं खोटंही खोटंच असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. खिडकीमागे कन्सेप्टा हेशन होती. तिनं फुल्यांवरून दोनदा बोट फिरवलं आणि कार्ड मला परत सरकवलं.

"तीन दिवसांच्या वर काम केलंत की भत्ता बंद, बाई."

मी म्हटलं, अगं, चाळीस मिनिटं फक्त. पोस्टात तिकीट घ्यायलाही याहून जास्त वेळ लागतो. तर म्हणाली, चाळीस मिनिटं शिकवा नाहीतर आठ तास, दिवस तो दिवस. म्हणजे बघा आत्या, मी सोमवार ते बुधवार सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घसा फोडला असता तरी सरकारला माझी कीव आली असती. पण शुक्रवारी दुपारी क्रियापदाची सहा रूपं म्हणून घेतली की मी सुखवस्तू बाई! त्या चाळीस मिनिटांचा पगार हातात येतो त्यात अंडी येतात, तीही दोनच.

मग शुक्रवार सोडून देते, असं मी रागारागानं म्हटलं. त्यावर कन्सेप्टानं दुसरा नियम काढला. आपणहून काम सोडलं तर नऊ आठवडे एक पैसा मिळत नाही. मुख्याध्यापकांनी काढून घेतलं तर चालतं. "आणि बाई," ती आवाज खाली आणून म्हणाली, "आमची डर्वला त्याच वर्गात आहे. शुक्रवार गेला तर तिच्या फ्रेंचचं काय?" तिनं खिडकी लावून घेतली. जेवायची सुट्टी झाली होती, असं तिचं म्हणणं.

तशीच टनीसरांकडे गेले. त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं आणि एक तास हलवला की विज्ञानाची खोली कशी जाते, मग फुटबॉल कसा जातो, मग ते स्वतः वेड्यांच्या इस्पितळात कसे जातात, हे पाऊण तास समजावलं. (तेवढ्या वेळात एक तास हलवून झाला असता.) शेवटी छताकडे बघत म्हणाले, "तो तास मोठ्या मायेनं दिलेला आहे, डिंपना. नाही म्हणून कुणाचं मन मोडू नका." यांना माझी माया कधीपासून, हे मला तेव्हा कळलं नाही.

राहता राहिला अर्ज. मी पूर्णवेळ काम शोधतेय आणि ते मिळत नाही, असं सिद्ध केलं तर वरच्या कचेरीत माझा फेरविचार होतो. त्यासाठी नकाराची पत्रं लागतात. आपल्या गावात ती कशी मिळतात ते तुम्हाला कॉन्व्हेंटमध्ये बसून माहीत नसेल. फेस्टी मल्केरिनचं पुढे किराण्याचं दुकान, मधे दारूचा गुत्ता आणि मागच्या अंगणात शवपेट्या. तिन्ही धंद्यांची छापील नकारपत्रं तो गल्ल्याखाली ठेवतो. कुणी गेलं की नाव घालून सही ठोकतो, "तूर्त जागा नाही, क्षमस्व." निम्म्या गावाला त्यानं असं नाकारलंय, आणि सगळे त्याचे उपकार मानतात. मी गेले, काम सांगितलं, त्यानं टोपी काढली, आत जाऊन बराच वेळ लिहिलं आणि पाकीट बंद करून हातात दिलं. मी ते न उघडता तसंच कन्सेप्टाकडे दिलं. इथे चुकले.

कन्सेप्टानं ते रांगेसमोर मोठ्यानं वाचलं. मिस डिंपना गॅरिहीसारख्या विदुषीला नाही म्हणण्याची आपली प्राज्ञा नाही, आपल्या तिन्ही पोरांना लिहावाचायला त्यांनीच शिकवलं, त्यांनी उद्यापासून यावं, शवपेट्यांचा विभाग त्यांच्या हवाली करण्यात आपल्याला अभिमान वाटेल. रांगेतल्या लोकांनी माझं अभिनंदन केलं. आता कागदोपत्री मी अशी बाई आहे, जी चालून आलेली नोकरी नाकारते. फेस्टीला जाब विचारला तर बिचाऱ्याचे डोळेच भरून आले. म्हणाला, "बाईंना नकार लिहायला हात उचलला नाही हो." मीच त्याची समजूत काढून घरी आले.

तर आत्या, प्रकरण आता डब्लिनला गेलंय. नाताळपर्यंत निकाल येईल म्हणतात. भाडं दोन महिन्यांचं थकलंय आणि घरमालकीण जिन्यात भेटली की हल्ली हवेबद्दलच बोलते. तुमचा भाचा ओशीन इंग्लंडातून, कॉव्हेंट्रीहून लिहितो की निघून ये, त्याची बायको मॅव्हिस बैठकीची खोली देईल, सुपरमार्केटात गल्ल्यावर जागा आहे. निकाल उलटा आला तर मला जावंच लागेल. जायचं नाहीये मला. हे तुम्हालाच सांगते, ओशीनला कळवू नका.

आणि त्या शुक्रवारच्या सात मुली! बाकीच्या मास्तरांनी ओवाळून टाकलेल्या. कन्सेप्टाच्या पोरीनं, डर्वलानं, दोन वर्षांत माझ्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, कुठल्याच भाषेत. गेल्या शुक्रवारी तिनं हात वर केला आणि खिडकी उघडू का, असं अख्खं वाक्य फ्रेंचमध्ये विचारलं, एक चूक नाही. मीच जाऊन खिडकी उघडली आणि जरा वेळ बाहेर बघत उभी राहिले. पाऊस आत येत होता.

असो. तुम्हाला पाल्हाळ नको असतं हे माहीत आहे, म्हणून आवरतं घेते. गुडघ्यांना गरम शेक देत जा आणि मदर सुपिरियरशी बोलायला लागा.

तुमची लाडकी (आणि एकुलती एक) भाची,
डिंपना

ता. क. : एक बारीकसं काम. टनीसर तुमच्या पहिलीच्या वर्गात होते आणि अजूनही तुमचं नाव निघालं की खिशातले हात बाहेर काढतात. त्यांना एक फोन करून शुक्रवारचा तास काढून घ्यायला सांगाल का? मी सुचवलं असं मात्र कळू देऊ नका, नाहीतर ते आपणहून सोडणं होतं.

आणखी ता. क. (बुधवार) : केटलीच्या वाफेवर या पत्राचं पाकीट पुन्हा उघडलं. आज टनीसरांना कोपऱ्यात गाठून विचारलं, एवढी माया कुणाची? तेव्हा कबूल झाले. ऑगस्टमध्ये सिस्टर बेनिग्नांचा फोन आला होता, "आमची डिंपना आठवड्यातले चार दिवस घरी नुसती बसून असते, पोरीला आणखी एखादा दिवस द्या." आत्या, त्या नुसत्या बसण्यावर मी जगत होते. दुपारपर्यंत तुमच्यावर फार रागावले होते. मग तुमच्या पावाचा उरलेला तुकडा खाल्ला.

शेवटचा ता. क. : फोन कराच, पण शुक्रवार काढू नका. सोमवार काढायला सांगा, म्हणजे मंगळ, बुध, शुक्र, पुन्हा तीनच फुल्या. सोमवारी माझा फक्त भूगोल असतो आणि टनीसर भूगोलाचेच पदवीधर आहेत, त्यांना जमेल. रागाच्या भरात मला शुक्रवारच दिसत होता, म्हणून हे आधी सुचलं नाही. फक्त या वेळी फोनवर माझी दया येईल असं काही बोलू नका. सर लगेच शनिवार देतील.