शेटजींची टाकी

१४ नोव्हेंबर, दुपारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या भाऊजींचा गुडघा गार हवेत कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त ते स्वतः कुरकुरतात. तुमच्याकडे सगळे मजेत असाल. महिन्याला फोन होतो आपला, मग हिला आता पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोनवर मी ऐन वेळी विषय बदलते. कागदावरही बदलता येतो म्हणा, पण आधीचं लिहिलेलं तसंच समोर राहतं.

निवृत्त होऊन पाच महिने झाले. छत्तीस वर्षं लोकांच्या रक्ताच्या बाटल्या हाताळल्या, आता हाताला चाळाच नाही. पहिल्या महिन्यात सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. मग नातीनं मला कामाला लावलं. आठ वर्षांची आहे, पण कारभार ऐंशीचा. शाळेच्या वाचनालयातून तिनं माशांचं पुस्तक आणलं आणि पफर माशाचं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं.

"आजी, हा घाबरला की फुगतो. आजोबांसारखा."

"आजोबा घाबरून नाही फुगत."

"मग?"

"रागावून."

आजोबा पेपरामागून म्हणाले, "ऐकू येतंय मला."

तेव्हा मी हसले, आणि मग चष्मा लावून पुस्तकातल्या त्या माशाकडे नीट बघितलं. अगदी आपल्या शेटजींसारखा. पिवळट पाठ, तिच्यावर आठच्या आकड्यासारखी नक्षी, पांढरं पोट, आणि ते दोन डोळे, एक इकडे बघणारा, एक तिकडे. तुला आठवतं, बाबा म्हणायचे, हा एका डोळ्यानं गिऱ्हाईक बघतो आणि दुसऱ्यानं गल्ला, म्हणून हा शेटजी?

मला शेटजींच्या त्या टाकीचं सगळं आठवतं. मी तेव्हा लेकीला घेऊन महिनाभर माहेरी आले होते, भाऊजींची बदली झाली होती म्हणून. रात्री आपलं काचेचं दुकान बंद झाल्यावर तू आणि बाबा मागच्या खोलीत काच मांडून बसायचात. तू काचेची धार घासायचीस, बाबा जोडावर सिलिकॉनचा डिंक ओढून त्यावरून बोट फिरवायचे, एका दमात, वरपासून खालपर्यंत. मध्ये बोट थांबलं की जोड गळतो, म्हणायचे. टाकी पाण्यानं भरून खाली जुने पेपर पसरून ठेवलेत, आणि दोन दिवस घरात कुणी आलं की आधी पेपर चाचपायचं आणि मग चप्पल काढायची. पेपर कोरडा राहिला तेव्हा तू बाबांच्या पाठीवर अशी थाप मारलीस की त्यांचा चहा सांडला. मी दारात उभी होते. मला कुणी हात लावायला बोलावलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तुझं माझं नऊ वर्षांचं अंतर. तुला समजू लागलं तोवर मी सासरी गेले होते, आणि बाबांचा उजवा हात तू झालीस. बरोबरच होतं ते. तुला काच कापता यायची. मला फक्त धुता यायची.

असो. नातीच्या टाकीचं सांगते.

बाजारामागे शोभेच्या माशांचं दुकान आहे. चालवणारी बाई चाळिशीची, चष्मा कायम केसांवर, आणि मासा विकायची तिला अजिबात घाई नाही. पहिल्या दिवशी आम्हाला हात हलवत परत पाठवलं. म्हणाली, "आज मासा मिळणार नाही. आधी टाकी मांडा, पाणी भरा, पाणी गाळायचं यंत्र चालू करा आणि दीड महिना थांबा."

नात म्हणाली, "दीड महिना रिकामी टाकी बघत बसायचं?"

"रिकामी नसते. जंतू वाढतात तिच्यात. माशाची घाण विषारी असते, ते जंतू ती खाऊन पाणी राहण्यासारखं करतात. ते तयार व्हायच्या आत पफर सोडला तर आठवडा काढणार नाही."

मग तिनं बाकीचं सांगितलं. या जातीला किंचित खारं पाणी लागतं, पण स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. (नात घरून मिठाची बरणी घेऊन आली होती, ती तिनं हळूच पाठीमागे धरली.) दात उंदरासारखे सतत वाढतात, म्हणून फोडायला गोगलगायी द्यायच्या. सोबतीला दुसरा मासा ठेवायचा नाही, हा त्याचे पर कुरतडतो. उगीच घाबरवून फुगवायचं नाही, त्यात त्याचा जीव जाऊ शकतो. मी वहीत उतरवून घेत होते. आणि शेवटी म्हणाली, "यंत्रातला स्पंज कधी नळाखाली धुवू नका. टाकीच्याच पाण्यात हलका पिळायचा. सगळे जंतू त्या बुळबुळीत थरातच असतात. साबण लागला तर संपलंच."

मी वही मिटली आणि दुकानाबाहेर आले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की नात आतच राहिली.

टाकी विकत घ्यावी लागली नाही. आईचं घर रिकामं केलं तेव्हा एक जड खोकं मी न उघडताच इकडे आणलं होतं, बाबांची अवजारं असतील म्हणून. ते माळ्यावरून काढलं तर आत टाकी. आपली नव्हे, ती तर देऊन टाकली होती. ही दुसरी, न वापरलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पेपराची तारीख बघितली. शेटजी गेल्यानंतर चार वर्षांनी.

तेव्हाचे दिवस आठव. बाबा विसरायला लागलेत म्हणून आपण सगळे त्यांना सांभाळून घेत होतो. आईनं काच कापायचा हिरा कपाटात कुलूप लावून ठेवला होता. दुकान बंद होऊन अडीच वर्षं झाली होती. मग ही टाकी त्यांनी कुणाचा हिरा मागून आणून कापली, कुठे बसून जोडली, देव जाणे.

जुना जोड धरेल का हे विचारायला मी ती इथल्या काचवाल्याकडे नेली. त्यानं चारही कोपऱ्यांना काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला.

"कुणी केलीय ही?"

"आमच्या वडिलांनी."

"वय काय होतं तेव्हा?"

"पासष्ट."

"सूतभर फरक नाही कुठे," तो म्हणाला. "डोकं आणि हात दोन्ही जागेवर असल्याशिवाय असं काम होत नाही, बाई."

मी टाकी घेऊन घरी आले. सहा आठवडे रोज सकाळी त्या टाकीतलं जरासं पाणी नळीत घेऊन थेंब टाकून रंग बघत होते. हिरवा म्हणजे अजून विष आहे, पिवळा म्हणजे गेलं. मला काय, तेच काम आयुष्यभर केलेलं. पण रोज त्या रिकाम्या पाण्यासमोर बसावं लागलं, आणि ठमे, त्यात मला पळायला जागा राहिली नाही.

शेटजी कसे गेले हे तुला माहीत आहे. म्हणजे, तुला जे सांगितलं ते माहीत आहे.

तू परीक्षेसाठी तीन आठवडे परगावी गेली होतीस आणि मी पुन्हा माहेरी आले होते. जाताना टाकीवर पुठ्ठा चिकटवून गेलीस: 'स्पंज धुवायचा नाही. फक्त टाकीच्या पाण्यात पिळायचा.' खाली दोन रेघा ओढल्या होत्यास. त्या दोन रेघा मला उद्देशून आहेत, असं मला वाटलं. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई, आणि ही एकवीस वर्षांची पोर मला स्वच्छता शिकवणार. रविवारी दुपारी बाबा आणि आई झोपले होते. मी यंत्र उघडलं. स्पंज तपकिरी, गिळगिळीत, वास मारणारा. लेक रांगोळी काढल्यासारखं बोटानं त्यातली घाण फरशीवर ओढायला लागली. मी तो गरम पाण्यात साबण घालून पांढरा होईपर्यंत धुतला. टाकीतलं सगळं पाणी बदललं. मीठ मात्र बरोबर मोजून घातलं. टाकी इतकी लखलखीत दिसत होती की मला वाटलं, येऊ दे हिला, बघेल.

तिसऱ्या दिवशी शेटजी तळाशी शेपूट दुमडून पडून राहिले. गोगलगायी अंगावरून गेल्या तरी बघेनात. पाचव्या दिवशी गेले. बाबांनी यंत्र उघडलं, स्पंज नाकाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. मी उचलला. तू पहिल्यांदा शेटजींचंच विचारलंस. मी म्हटलं, "गेले गं. बाबांनी स्पंज साबणानं धुतला वाटतं. हल्ली विसरतात बघ ते."

बाबा तिथेच बसले होते, तसबिरीला काच बसवत. दोन हातांच्या अंतरावर. त्यांनी मान वर केली नाही. मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "परीक्षेत आहे ती. आत्ता नको भांडण. परत आली की तू सांग तिला."

"हो," मी म्हटलं.

तू परत आलीस तेव्हा मी सांगितलं नाही. तू बाबांवर चिडली नाहीस, हीच खरी पंचाईत झाली. चिडली असतीस तर मी बोलले असते, असं मला वाटतं. तू घाबरलीस. वाचलंस, डॉक्टरांना विचारलंस, आईला बाजूला घेऊन समजावलंस. मग बाबांचं प्रत्येक माप कारागिरानं पुन्हा घ्यायचं ठरलं. बाबा चष्मा शोधायला लागले की आई माझ्याकडे बघायची. साठी उलटलेला कुठला माणूस चष्मा शोधत नाही? गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं. दीड वर्षात दुकान गेलं. आणि त्या सगळ्या काळात बाबांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. मी माहेरी गेले की ते मला बसायला खुर्ची द्यायचे आणि वाट बघायचे. मी कपडे, भाजी, हवा, सगळ्यावर बोलायचे.

मी स्वतःची समजूत घातली होती की शेटजी म्हातारे होते, पाणी गार झालं असेल, कुणी सांगावं. त्या दुकानातल्या बाईनं ती सोय काढून घेतली.

तरी एवढ्यावर हे पत्र संपलं असतं तर बरं झालं असतं.

तू नोकरीसाठी जायला निघालीस तो दिवस. सामान गाडीत चढवून झालं होतं. बाबांनी तुझा हात धरला आणि म्हणाले, "जाऊ नकोस. दुकान उघडू आपण. तू काप, मी मापं घेतो." तू त्यांच्या हातावर थोपटलंस, आजाऱ्याला थोपटतात तसं. मग मला बाजूला घेऊन रडवेल्या आवाजात म्हणालीस, "ताई, दुकान गेलंय हेही त्यांच्या लक्षात नाही." आणि मी म्हटलं, "हो गं. तू जा. मी बघते त्यांच्याकडे."

ठमे, त्यांच्या लक्षात होतं. आदल्या आठवड्यात ते पलीकडच्या गल्लीतल्या गाळ्याच्या मालकाशी बोलून आले होते. मला बरोबर घेऊन गेले होते. मालक हो म्हणाला होता, फक्त चालवणारं माणूस कोण, एवढंच त्यानं विचारलं, आणि बाबा म्हणाले, माझी धाकटी. परत येताना मला म्हणाले, तिला निघायच्या आधी सांगू नकोस, मीच विचारतो. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी 'हो गं' म्हटलं. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे असं कबूल केलं असतं, तर मग स्पंज कुणी धुतला, हा प्रश्न आला असता.

पुढची साडेचार वर्षं, बाबा जाईपर्यंत, तू फोनवर त्यांच्याशी जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढंच बोलायचीस. तुझी चूक नाही. आपले वडील आपल्याला ओळखत असताना तू त्यांना हळूहळू गमावलंस, आणि ते मी घडवलं.

परवा आम्ही मासा आणला. नातीनं पिशवी तरंगत ठेवली, पुस्तकात लिहिलं होतं तेवढा वेळ, आणि मग सोडला. त्याचं नाव काय ठेवायचं ते तिचं अजून ठरत नाही. मी काही सुचवलं नाही.

ही चूक माफ कर, असं मी लिहिणार नाही. माफी मागितली की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि तुझ्यावर आणखी एक काम टाकायचं माझ्या जिवावर येतं. फोन उचलला नाहीस तरी मी समजेन. एवढंच कर. बाबा त्या वर्षांत तुला जे जे म्हणाले, आणि जे तू दुखणाईत माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलंस, ते एकदा शांतपणे आठव. ते सगळं त्यांनी पूर्ण शुद्धीत, विचार करून म्हटलं होतं. गाडीपाशी ते बरळत नव्हते. तुला बोलावत होते.

तुझी,
अजून म्हणावंसं वाटलं तर,
ताई