एक्केचाळीसावा नमुना

१ डिसेंबर २००३, शिरूर
आले बाई एकदाची! लॅब टीचभर, पण चहा झकास. मेंढ्यांच्या रक्तातली जनुकं वाचायची, तीही काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून. माउस नाही, चित्रं नाहीत. गव्हाणे सर म्हणाले, हा कॉम्प्युटर काही विचारत नाही, सांगितलं की करून मोकळा होतो. मी म्हटलं, असला नवरा कुठं मिळतो का बघा!

५ डिसेंबर
वरवंडच्या माळावर म्हाळसाबाईंच्या चाळीस मेंढ्यांचं रक्त घेतलं, आमची नवी लस टोचली. बाई साठीच्या, एकेका मेंढीला नावानं हाक मारतात. आधी त्यांनी शपथेसाठी बिरोबाचा भंडारा पुढं केला. जे व्हईल ते खरं लिवायचं, म्हणाल्या. सरांनी उचलला, मीही उचलला. मला आपलं हसू येत होतं.

९ डिसेंबर
जमायला लागलं! ग्रेप, म्हणजे शोधायचा हुकूम, मारला की हजार ओळींतून हवी ती मेंढी क्षणात हजर. दर मेंढीची एक ओळ, शेवटी लक्षणांचा रकाना. सरावाला माझंच रक्त वापरलं. फाइलमध्ये एक्केचाळीसावा नमुना मी!

१६ डिसेंबर
चाळीसही मेल्या. मान आखडली, जीभ काळी पडली, आवाज गेला, मग आडव्या. मी तसंच नोंदलं. सर म्हणाले, आरएम टाक, फाइल पुसून काढ. म्हातारीनं विषारी पाला चारला म्हणून सांगू. नोकरी पंधरा दिवसांची माझी, काय करणार? टाकला आरएम. कॉम्प्युटरनं खरंच काही विचारलं नाही.

२२ डिसेंबर
म्हाळसाबाई दारात आल्या. भावकी म्हणते, तूच मारल्यास. त्यांना एवढंच हवं होतं, की आम्ही चारचौघांत खरं सांगावं. सरांनी हाकललं. जाताना माझ्याकडं बघून म्हणाल्या, भंडारा उचललास न्हवं, आता माझ्या मेंढ्या येतील. रागच आला मला. हुकूम सरांचा, आन् शाप मला?

२९ डिसेंबर
म्हाळसाबाई गेल्या. मेंढ्यांच्या रिकाम्या जाळीत बसल्या बसल्या.
फाइल परत आली आहे.

३० डिसेंबर
पुसली. बघितलं, नाही. डबा खाऊन आले, तर आहे. सर म्हणतात, तुलाच आरएम जमत नाही.

३१ डिसेंबर
एक्केचाळीसाव्या ओळीत लक्षण भरलंय: मान आखडली. मी नाही भरलं. दुपारपासून मान वळत नाही—

१ जानेवारी
पुसते, येते. पुसते, येते. आज लिहून आलं, जीभ काळी. आरशात बघितली. आई गं—

२ जानेवारी, सकाळ
आवाज गेला. आईला फोन लावला, ती हॅलो हॅलो करत राहिली.
खरं लिहिते. लस आमची होती. म्हाळसाबाईंचा काही दोष नाही. बाई, लिहिलं बघा, आता तरी—
नवी ओळ आली. बेचाळीस. सरांचं नाव. त्यांचं रक्त कुणी कधी घेतलंच नव्हतं. पुढं: मान आखडली.
काचेपलीकडं सर मान चोळतायत. ही वही दाखवली तर पळतील तरी, हात जोडायला माळावर तरी जातील.
नाही दाखवणार. वही टेबलाच्या खणात लपवणार. हुकूम त्यांचा होता ना? मग बघा म्हणावं, कॉम्प्युटर काही न विचारता कसं करून मोक—